चित्रात काहीच दिसत नाही, मग ते गायतोंडेंचं आहे हे ओळखायचं कसं?

परवा खराडीत एका मित्राच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. अकराव्या मजल्यावरचा टू बीएचके, बाल्कनीतून एकीकडे आयटी पार्कच्या काचा आणि लांबवर मुळा-मुठेचा पट्टा. पूजा झाली, जेवणं झाली, आणि हॉलमध्ये बसलेल्या मंडळींचं लक्ष सोफ्याच्या वर टांगलेल्या चित्राकडे गेलं. ऑनलाइन मागवलेली प्रिंट होती. मातकट पिवळा रंग, त्यात दोन-तीन काळपट डाग, खाली एक पुसट आडवी रेघ. मित्राच्या काकांनी बराच वेळ मान तिरकी करून पाहिलं आणि भिंतीला आत्ताच ओल आली का, असं विचारलं.

मग काय, सगळे तुटून पडले. एकजण म्हणाला मॉडर्न आर्ट आहे, दुसरा म्हणाला अॅबस्ट्रॅक्ट, तिसऱ्याने थेट पिकासोचं नाव घेतलं. चौथ्याचं म्हणणं, आमचा बालवाडीतला पोरगा यापेक्षा बरं काढतो.

हसलो सगळेच. पण मला तिथे बसल्या बसल्या एक मराठी माणूस आठवला, ज्याच्या चित्रांवर हे सगळे शेरे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच मारून झाले होते. वासुदेव संतू गायतोंडे.

आता थोडा हिशोब. १९ डिसेंबर २०१३. क्रिस्टीज या जगप्रसिद्ध लिलाव कंपनीचा भारतातला पहिला लिलाव, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलमध्ये. त्यात गायतोंडेंचं १९७९ सालचं एक तैलचित्र आलं. चित्राला नाव नाही. त्यात माणूस नाही, झाड नाही, देव नाही, घोडा नाही. साडेसहा ते साडेआठ कोटींपर्यंत जाईल असा अंदाज होता. गेलं २३ कोटी ७० लाखांना. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत मिळाली नव्हती. दोन वर्षांनी त्यांचंच दुसरं चित्र २९ कोटी ३० लाखांना गेलं. त्यानंतरही आकडे चढतच राहिले.

ज्याच्या नावावर हे आकडे लागले, तो माणूस २००१ मध्येच गेला होता. आयुष्याचा शेवटचा मोठा काळ त्याने दिल्लीत भाड्याच्या छोट्याशा जागेत काढला होता.

आकडा ऐकून आपण थांबतो, बातमी शेअर करतो आणि पुढे जातो. पण एक साधा प्रश्न उरतोच. चित्रात ओळखण्यासारखं काहीच नसेल तर लोक ते ओळखतात कशावरून?

रीलमधली युक्ती कुठे चालते?

इन्स्टाग्रामवर कलाप्रवाह झटपट ओळखायला शिकवणारी रील तुम्ही पाहिली असतील. तुटक तुटक फटकारे आणि उन्हाची चमक दिसली तर इम्प्रेशनिझम. चेहरा एकाच वेळी समोरून आणि बाजूने दिसतोय, भूमितीचे तुकडे जोडल्यासारखा, तर क्युबिझम. घड्याळं वितळत असतील तर सररिअलिझम. सूपच्या डब्यांची रांग असेल तर पॉप आर्ट. ही रील चुकीची नसतात. सुरुवात करायला बरीच आहेत.

पण ती एक गोष्ट गृहीत धरतात, की चित्रकार एका पेटीत जन्मतो आणि त्याच पेटीत मरतो. गायतोंडेंचं आयुष्य पाहिलं तर हे गणित जमत नाही. या माणसाने चार-पाच पेट्या उघडल्या, प्रत्येकीतून हवं तेवढं घेतलं आणि पेटी तिथेच टाकून पुढे गेला. म्हणून त्यांची गोष्ट सुरुवातीपासून पाहायला हवी.

घराणं मूळचं गोव्याचं. जन्म नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४. वाढले गिरगावातल्या चाळीत. मध्यमवर्गीय सारस्वत घर, आणि अशा घरात त्या काळी चित्रकार होणं म्हणजे पोराचं वाया जाणंच. वडिलांना हा रस्ता पसंत नव्हता. मुलगा तरीही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला आणि १९४८ मध्ये डिप्लोमा घेऊन बाहेर पडला.

त्या काळचं जे. जे. म्हणजे ब्रिटिश वळणाचं कडक शिक्षण. समोर प्लास्टरचा पुतळा किंवा मॉडेल, आणि कागदावर ते हुबेहूब उतरवायचं. प्रकाश एका बाजूने येतो, सावली दुसरीकडे पडते, कातडी कातडीसारखी दिसते, लांबची वस्तू लहान होते. याला अकॅडमिक किंवा वास्तववादी शैली म्हणतात. तुमच्या फॅमिली ग्रुपवर हातात समई धरलेल्या, बोटांतून प्रकाश झिरपणाऱ्या बाईचं चित्र राजा रविवर्मांच्या नावाने फिरत असतं ना? ते रविवर्मांचं नाही. ते सावंतवाडीच्या एस. एल. हळदणकरांचं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये लावलेलं. हळदणकर याच जे. जे. परंपरेतले. ही शैली ओळखायला सगळ्यात सोपी, कारण चित्र खऱ्यासारखं आहे की नाही एवढंच बघायचं असतं. आपल्याकडे आजही बहुतेक लोक चित्राला एवढाच एक प्रश्न विचारतात. काकांनीही तोच विचारला होता.

पण जे. जे. मध्येच आणखी एक दार होतं. जगन्नाथ अहिवासी तिथे भारतीय पद्धतीच्या चित्रकलेचा वर्ग चालवायचे. अजिंठा, लघुचित्रं, जुन्या पोथ्या. इथे सावली नसते. रंग सपाट, कडेला ठाम रेघ, आणि खोली दाखवायची घाई नाही. लांबचं झाड जवळच्या माणसाएवढं असलं तरी कोणी तक्रार करत नाही. गायतोंडे या वर्गात शिकले. त्यांची सुरुवातीची चित्रं पाहिली तर जैन पोथ्यांमधली टोकदार माणसं आणि पहाडी लघुचित्रांतले भडक सपाट रंग लगेच जाणवतात. होय, गायतोंडे आधी माणसं काढायचे. आणि चांगली काढायचे. त्यांना चित्र काढता येत नव्हतं म्हणून रंग फासले, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती चित्रं एकदा शोधून बघावीत.

गट एक, शैली सहा

१९४७. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी मुंबईत सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, के. एच. आरा, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाक्रे. पैकी सूझा गोव्यातल्या साळगावचे, गायतोंडेंच्याच वयाचे, आणि १९४५ मध्ये जे. जे. मधून काढून टाकलेले. गाडे अमरावती जिल्ह्यातले. हुसेन तेव्हापर्यंत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत आलेले.

यांचं भांडण दोन्हीकडे होतं. हुबेहूब चित्राच्या ब्रिटिश वळणाशी, आणि भारतीयत्वाच्या नावाखाली चाललेल्या गोड, धूसर, हळव्या चित्रांशीही. युरोपातून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन आणि एमॅन्युएल श्लेसिंगर यांनी या पोरांना पुस्तकं दाखवली, चित्रं विकत घेतली, वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल लिहिलं. युरोपातले प्रवाह मुंबईत पोचले ते बरेचसे छापील पानांवरून.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. लोक प्रोग्रेसिव्ह ही एक शैली समजतात. तसं नाही. सूझांचा चेहरा घ्या. जाड काळी रेघ, डोळे कपाळावर चढलेले, दात करवतीसारखे, गालांवर ओरखडे. हा एक्स्प्रेशनिझम, म्हणजे दिसतं तसं न काढता जे वाटतंय त्याच्या जोराने आकार मोडणं. हुसेन यांचे घोडे क्युबिझमच्या कोनांतून येतात, पण रेघ त्यांची देशी आहे. रझांनी फ्रान्समध्ये जाऊन आधी गावं आणि चर्च रंगवली आणि कित्येक वर्षांनी बिंदूवर येऊन थांबले. सगळे एकाच गटातले, पण दोघांची चित्रं शेजारी टांगली तर आंधळाही फरक सांगेल.

गायतोंडे संस्थापकांत नव्हते. १९५० च्या आसपास ते गटात आले, तेव्हा सूझा लंडनला निघून गेले होते, रझा पॅरिसच्या वाटेवर होते. मोहन सामंत, कृष्ण खन्ना ही मंडळीही त्याच सुमाराची. म्हणजे जत्रा उठत असताना हा माणूस पोचला. माझ्या मते ते त्यांच्या स्वभावाला साजेसंच होतं. मित्र त्यांना नुसतं गाय म्हणायचे, पण गाय गर्दीत फारशी दिसायची नाही.

आता गंमत सुरू होते. १९५० च्या दशकात गायतोंडेंना पॉल क्ले सापडला. क्ले हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला चित्रकार. त्याची रेघ लहान मुलासारखी मोकळी, रंगांचे छोटे चौकोन विणल्यासारखे, चिन्हं, बाण, चंद्र. गायतोंडेंच्या त्या वर्षांतल्या चित्रांत माणसं अजून आहेत, पण ती आता रेघांमध्ये विरघळायला लागली आहेत. पक्षी आहे म्हणावं तर त्रिकोण आहे. बाई आहे म्हणावं तर तीन वाकलेल्या रेघा आहेत. एकेक चित्र सालवार लावलं तर माणूस पाऊल पाऊल मागे जाताना दिसतो. १९५७ मध्ये तोक्योला तरुण आशियाई चित्रकारांचं प्रदर्शन झालं, तिथे त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. एखादा शहाणा माणूस इथेच थांबला असता. बक्षीस मिळालंय, शैली जमलीय, लोक ओळखतायत, त्याच छापाची पन्नास चित्रं काढा आणि विका.

गायतोंडेंनी बक्षिसानंतरच्या दोन-तीन वर्षांत माणूसही सोडला, पक्षीही सोडला आणि रेघही जवळपास सोडली.

मग उरलं काय?

मुंबईत वॉर्डन रोडला समुद्राकाठी भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट नावाची जागा होती. एका बंगल्यात चित्रकारांचे स्टुडिओ, रविशंकर यांची संगीताची शाळा, अल्काझींची नाटकं. भाडं नावापुरतं. गायतोंडेंचा स्टुडिओ इथेच होता. नसरीन मोहम्मदी नावाची तरुण चित्रकार इथे त्यांना भेटली आणि ते तिचे मार्गदर्शक झाले. पुढे तिने नुसत्या पेन्सिल-शाईच्या रेघांवर जगभर नाव मिळवलं.

या काळात गायतोंडेंनी ब्रश बाजूला ठेवला. हाती घेतले रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची पातळ सुरी. इथे जरा थांबू, कारण त्यांना ओळखायची खरी खूण इथे आहे.

ब्रश हाताची सवय दाखवतो. फटकारा कुठून सुरू झाला, कुठे उचलला, चित्रकार रागात होता की निवांत, हे ब्रशच्या खुणांवरून कळतं. रोलर ते सगळं पुसून टाकतो. गायतोंडे तैलरंगाचा पातळ थर द्यायचे, त्यावर दुसरा, मग सुरीने काही भाग खरवडायचे, म्हणजे खालचा थर वर डोकावायचा. पुन्हा थर, पुन्हा खरवडणं. त्यामुळे रंग वरून लावल्यासारखा वाटत नाही, आतून उजेड आल्यासारखा वाटतो. पावसाळ्यात जुन्या वाड्याच्या भिंतीचा चुना पापुद्र्यांनी सुटतो आणि खाली आधीच्या तीन रंगांच्या खुणा दिसतात, तसं काहीसं. म्हणजे काका अगदीच चुकले नव्हते.

साठच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात त्यांचे कॅनव्हास बरेचदा आडवे आहेत. मधून एक पुसट पट्टा जातो, त्याच्या आसपास रंगाचे जाड ढिगारे. लोकांना त्यात समुद्र आणि क्षितिज दिसतं. स्टुडिओ समुद्राकाठी होता म्हटल्यावर दिसणारच. दशक संपता संपता कॅनव्हास उभा झाला, आणि पुढे तो उभाच राहिला. सत्तरच्या दशकात त्यांनी कागदाची युक्ती आणली. कागद फाडून किंवा कापून तो ओल्या रंगावर दाबायचा आणि उचलायचा. मागे उरतात ते आकार न वाचता येणाऱ्या लिपीसारखे दिसतात. पाण्याखाली पडलेला शिलालेख जणू. अक्षर वाटतं, पण वाचता येत नाही.

तेव्हा एखाद्या संग्रहालयात मोठा उभा कॅनव्हास दिसला, एकाच रंगाच्या दहा-बारा छटा एकमेकींत मुरलेल्या, मध्ये तरंगणारी न वाचता येणारी चिन्हं, ब्रशचा फटकारा कुठेच नाही आणि उजेड मधोमध कुठूनतरी आतून येतोय, तर पाटी वाचायच्या आधी गायतोंडे म्हणायला हरकत नाही.

रोथकोची नक्कल?

गायतोंडेंचं नाव निघालं की कोणीतरी मार्क रोथकोचं नाव काढतंच. रोथको हा अमेरिकेतला अॅबस्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिस्ट चित्रकार. मोठा कॅनव्हास, त्यावर एकावर एक तरंगणारे दोन-तीन मऊ कडांचे आयत. त्याच प्रवाहातला जॅक्सन पोलॉक कॅनव्हास जमिनीवर टाकून त्यावर रंग ठिबकवायचा. दोघांना ओळखणं सोपं आहे. पोलॉकमध्ये धागेच धागे, रोथकोमध्ये ढगासारखे चौकोन.

गायतोंडेंमध्ये रोथकोचे आयत नाहीत. रोथकोचा रंग कापडात भिजतो, गायतोंडेंचा रंग थरांनी साठतो आणि खरवडला जातो. एकात शांतता पसरलेली आहे, दुसऱ्यात ती खणून काढलेली आहे. शिवाय तारखा बघा. गायतोंडे रॉकफेलर घराण्याच्या निधीची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले १९६४ मध्ये. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात असलेलं त्यांचं चित्र आहे १९६२ चं. म्हणजे न्यूयॉर्कला पोचायच्या आधीच ते त्यांच्या ठिकाणी पोचले होते.

आणि ते गेले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये काय चाललं होतं? अँडी वॉरहॉलचे सूपचे डबे १९६२ मध्येच येऊन गेले होते. पोलॉक जाऊन आठ वर्षं झाली होती. चर्चा होती ती कॉमिक्स, जाहिराती, कोकच्या बाटल्या यांची. अॅबस्ट्रॅक्ट जुनं झालं होतं. प्रवाहाबरोबर वाहणारा माणूस मुंबईला परत येताना बॅगेत पॉप आर्ट घेऊन आला असता. गायतोंडेंनी सगळं पाहिलं, संग्रहालयं पालथी घातली, आणि परत येऊन होते तिथूनच काम पुढे चालू केलं.

आता शब्दाचा मुद्दा. गायतोंडेंना स्वतःला अॅबस्ट्रॅक्ट म्हणवून घेणं आवडायचं नाही. ते नॉन-ऑब्जेक्टिव्ह हा शब्द पसंत करायचे. मराठीत वस्तुनिरपेक्ष म्हणू. हा नुसता शब्दांचा कीस नाही. अॅबस्ट्रॅक्ट म्हणजे कशापासून तरी काढून घेतलेलं. डच चित्रकार पीट मोंद्रियानने झाडं काढली, मग फांद्यांच्या रेघा ठेवल्या, मग पानं घालवली, मग शेवटी उभ्या-आडव्या रेघाच उरल्या. सुरुवातीला झाड होतं. खराडीच्या टॉवरांची रांग घेऊन तुम्ही तिच्या नुसत्या उभ्या पट्ट्या केल्यात तर तेही अॅबस्ट्रॅक्ट. पण वस्तुनिरपेक्ष चित्रात सुरुवातीलाच वस्तू नसते. कशाचं तरी चित्र असा प्रकारच नाही. त्यामुळे हे काय आहे, हा प्रश्न तिथे लागू पडत नाही. रागदारीतला आलाप ऐकताना हा कशाचा आवाज आहे असं आपण विचारत नाही, तसंच.

गायतोंडेंना झेन विचारात रस होता. रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि मुंबईच्या खेतवाडीत बसून मराठीत बोलणारे निसर्गदत्त महाराज, यांच्या विचारांकडेही त्यांचा ओढा होता. म्हणून त्यांची चित्रं म्हणजे ध्यान, अध्यात्म वगैरे लिहायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. मला ते थोडं सोयीचं वाटतं. अध्यात्म म्हटलं की बघायची मेहनत वाचते. या माणसाने आधी रोलर चालवलाय, सुरीने खरवडलंय, कागद उचललाय. ते आधी बघू, बाकीचं नंतर.

एक खोली, मोजकी चित्रं

१९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढच्या वर्षी ते मुंबई सोडून दिल्लीला गेले. निजामुद्दीन पूर्व भागात एक बरसाती, म्हणजे गच्चीवरची छोटी जागा. लग्न केलं नाही. घरच्यांशी संबंध जवळपास तुटले. सामान थोडं, संगीत भरपूर, भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही. लोकांत मिसळणं कमी कमी होत गेलं.

काम करायची पद्धत अशी, की कोऱ्या कॅनव्हाससमोर दिवसेंदिवस बसायचं. कधी आठवडे. डोक्यात जुळलं की प्रत्यक्ष रंगवणं त्या मानाने लवकर. जमलं नाही तर चित्र मोडून टाकायचं. वर्षाला साधारण पाच-सहा कॅनव्हास. बस्स. आज ज्या किमती ऐकून आपण तोंडात बोट घालतो, त्यामागचं एक रोखठोक कारण हेही आहे, की चित्रंच कमी आहेत. पण त्यांच्या हयातीत या कमीपणाचा अर्थ वेगळा होता. महिन्याला एक चित्रसुद्धा नाही, म्हणजे भाडं भरायला विकण्यासारखं काही नाही. शैली ओळखीची झाली होती, मागणीही होती, आणि तरी हात आखडता. याची किंमत त्यांनीच मोजली.

विकत घेणारे काही होते. मुंबईचे जहांगीर निकोल्सन, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट आणि कापसाचे व्यापारी, यांनी त्यांची चित्रं जमवली. तो संग्रह आता फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेही कुलाब्याच्या आपल्या इमारतीसाठी ती घेतली. अणुशास्त्रज्ञांच्या व्हरांड्यात गायतोंडे, हे मला कायम भारी वाटत आलंय.

१९८४ मध्ये त्यांना मोठा अपघात झाला. शरीर दुखावलं, आणि मोठे कॅनव्हास उचलणं, उभं राहून रोलर चालवणं, सगळं थांबलं. साठीच्या उंबरठ्यावर, एकट्या माणसाचं, जे एकच काम तो करत होता तेही बंद. काही वर्षं तैलचित्र झालंच नाही.

त्या मधल्या काळात त्यांनी कागदावर काळ्या शाईने छोटी रेखाटनं केली. आणि ज्या रेघेला त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं होतं, ती परत आली. वेडीवाकडी, तुटक, कुठल्याशा हरवलेल्या लिपीतल्या अक्षरांसारखी. रंग नाही, थर नाही, खरवडणं नाही. यात गायतोंडेंची एकही नेहमीची खूण नाही, आणि तरी बघताना दुसऱ्या कुणाचं नाव मनात येत नाही. वर मी जी उभा कॅनव्हास, आतला उजेड वगैरे यादी दिली, ती इथे उपयोगाची नाही. सत्तरच्या दशकातली त्यांची चिन्हं ज्याने नीट पाहिली आहेत, त्यालाच ही रेघ कुठून आली ते कळतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. मध्य प्रदेश सरकारचा कालिदास सन्मानही त्याच सुमाराचा. नव्वदच्या दशकात सुनील काळदाते यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. वर उल्लेख आलेलं २९ कोटींचं चित्र १९९५ चं, म्हणजे अपघातानंतरचं, सत्तरी ओलांडलेल्या हाताचं. थोड्याच वर्षांत रंगवणं पूर्ण थांबलं. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले. सूझा त्यानंतर आठ महिन्यांच्या आतच गेले, मुंबईत. एकाच वर्षी जन्मलेले, गोव्याचं मूळ असलेले, जे. जे. मधले दोघे. एकाचं प्रत्येक चित्र ओरडतं, दुसऱ्याचं एकही बोलत नाही.

मराठीत गायतोंडेंवर नीट वाचायला मिळालं ते बऱ्याच उशिरा. चित्रकार आणि संपादक सतीश नाईक यांच्या चिन्हने त्यांच्यावर जाडजूड मराठी ग्रंथ काढला. ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांनी तो मिळवावा.

तोपर्यंत न्यूयॉर्कमध्ये मोठी गोष्ट घडून गेली होती. ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात गुगेनहाइम म्युझियमने गायतोंडेंचं सिंहावलोकन प्रदर्शन भरवलं. संधिनी पोद्दार यांनी त्याची जुळणी केली होती. नंतर त्याच संस्थेच्या व्हेनिसमधल्या संग्रहालयातही ते गेलं. आता यातला योगायोग बघा. गुगेनहाइम १९३९ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचं नाव गुगेनहाइम नव्हतं. म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग असं होतं. जो शब्द गायतोंडे आयुष्यभर सांगत राहिले, त्याच शब्दाच्या पाटीने उघडलेल्या संस्थेत त्यांची चित्रं लागली, जाऊन तेरा वर्षं झाल्यावर.

मी खराडीतून निघताना ती प्रिंट पुन्हा एकदा जवळ जाऊन पाहिली. मशीनवर छापलेली, सपाट, डागांच्या कडा एकसारख्या. खाली उजव्या कोपऱ्यात इंग्रजीत एक झोकदार सहीसुद्धा छापलेली होती. गायतोंडेंच्या नंतरच्या कॅनव्हासवर पुढच्या बाजूला सही सापडत नाही. ती असते मागे, लाकडी चौकटीच्या आत, आणि बऱ्याच चित्रांवर देवनागरीत. गुगेनहाइममध्ये सगळे पुढून चित्र बघत होते तेव्हाही ती भिंतीकडे तोंड करूनच होती.